उल्का मोजताना काळोख ज्याचा त्यानं ठरवावा

डिसेंबरात जेमिनिड्स या उल्कावर्षावाच्या रात्री नवीन पोरांना घेऊन बालाघाटच्या माळावर बसलं, की पहिला वाद हमखास काळोखावरून होतो. "सर, मला साडेपाच प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, ताई सहा म्हणते. मग पावणेसहा टाकू का?"

अजिबात टाकू नका. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडा; तो जितका मोठा, तितका तारा अंधुक. तुमच्या नजरेला जेमतेम दिसणाऱ्या सगळ्यात अंधुक ताऱ्याची प्रत, ही तुमची मर्यादा प्रत. शेजारी बसणाऱ्याची वेगळी असणारच. वय, चष्म्याचा जुना नंबर, अंधाराला डोळे किती सरावलेत, तिरप्या नजरेनं बघायची सवय आहे का, सगळ्यानं फरक पडतो. अर्ध्या प्रतीचा फरक तर नेहमीचाच.

हा अर्धा आकडा किती महागात पडतो, ते हिशोबातच बघा. झेडएचआर, म्हणजे आदर्श आभाळात उल्कांचा उगमबिंदू डोक्यावर असताना तासाला किती उल्का दिसल्या असत्या तो आकडा, काढताना आकाश 6.5 प्रतीचं धरतात. तुमची मर्यादा त्याहून जितकी कमी, तितकी भरपाई. जेमिनिड्ससाठी दर प्रतीला साधारण 2.6 पट धरतात. समजा, ताईला तासात 40 उल्का दिसल्या, मर्यादा 6.0. भरपाई 1.61 पट, म्हणजे 64 च्या आसपास. तुम्हाला दिसल्या 25, मर्यादा 5.5. गुणिले 2.6, झाल्या 65. दोघंही बरोबर! आता ताईचा सहा उसना घेऊन तुमच्या 25 ला लावा. येतात 40. उल्कावर्षाव कमी पडला असा निष्कर्ष निघेल, आणि दोष पार्टनरच्या तीक्ष्ण डोळ्यांचा.

प्रत अंदाजानं सांगू नका. इंटरनॅशनल मिटिअर ऑर्गनायझेशननं ठरलेल्या तेजस्वी ताऱ्यांचे त्रिकोण दिलेत. त्यातले तारे मोजायचे, कोपऱ्यांवरचे धरून, आणि तक्त्यातून प्रत काढायची. एकाच त्रिकोणावर थांबू नका, दोन-तीन घ्या. कृत्तिकेत सहा दिसतात की सात, हा गावाकडचा आवडता खेळ. पण तिथं तारे दाटीनं आहेत, त्यामुळं काळोखाआधी नजरेच्या बारकाईचीच परीक्षा होते.

यात एक खाच आहे. काही पोरं एकाच जागी मिनिटभर टक लावून चार तारे जास्त मिळवतात. उल्का काय थांबते थोडीच? ती सेकंदाच्या आत गेलेली असते. उल्का बघता तशाच सैल नजरेनं तारे मोजा, नाहीतर मर्यादा फुगते आणि भरपाई कमी पडते.

आपल्याकडं आभाळ रात्रभर एकसारखं राहत नाही. उसाच्या ट्रॅक्टरचे दिवे, पहाटेकडं चढणारं धुकं, रात्रपाळीची लाईट आली की विहिरीवर लागणारा फोकस. म्हणून त्रिकोण दर अर्ध्या तासाला, आणि काही बदललं की लगेच, पुन्हा मोजा. फोकस लागला तर त्याच्याकडं पाठ करून बसा. डोळे सरावायला पुन्हा वीसेक मिनिटं द्या. तो वेळ मोजणीत धरू नका. मोबाईल तर उघडूच नका. टॉर्चवर लाल जिलेटीन, तेही मंद.

काळोख मोजायचं मीटर हाती असेल तर खुशाल वापरा, पण त्यात दिसतो तो आभाळाचा उजेड, तुमची नजर नाही. वहीत वेळ, त्रिकोण क्रमांक आणि तारे एवढंच लिहा. प्रत दुसऱ्या दिवशी तक्त्यावरून काढा. रात्री काढलीत, की शेजारच्याचा आकडा कानावर पडतो आणि आपलाही हळूच तिकडं सरकतो.