नंबर पोर्ट करताय? आधी शेजारच्यांचं सिम घालून बघा

आमच्या परळच्या चाळीत पोटमाळ्यावर फोन लागायचाच नाही, बोलायचं तर गॅलरीत येऊन कठड्याला टेकून उभं राहायचं, म्हणजे सगळ्या मजल्याला आपलं बोलणं फुकट. शेवटी नंबर तोच ठेवून कंपनी बदलली, म्हणजेच पोर्ट केला. पण त्याआधी एक केलं, ते तुम्हीही करा. शेजारच्या काकूंचं दुसऱ्या कंपनीचं सिम तासभर माझ्या फोनमध्ये घातलं आणि घरात, जिन्यात सगळीकडे नेट चालवून पाहिलं, ऑफिसला जाता-येता लोकलमध्ये कुठे कॉल कट होतो ते तिथल्याच दोघांना विचारलं. जाहिरातीतल्या फाइव्ह-जीवर जाऊ नका, जाड भिंतीत सगळी हवा निघते.

पटलं की PORT लिहून स्पेस देऊन आपला नंबर टाका, आणि १९०० वर पाठवा. कोड येतो, तो मुंबईत ४ दिवसच चालतो, म्हणून तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायच्या दिवशीच मागवा. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल भरलेलं हवं, आणि नुकतंच सिम हरवून बदललं असेल तर ७ दिवस थांबा. प्रीपेडचा उरलेला बॅलन्स बुडतो हां, त्यामुळे प्लॅन संपत आला की मगच पोर्ट करा, मी वर्षाचा रिचार्ज मारून बसलो होतो. मुंबईतल्या मुंबईत कामाचे ३ दिवस लागतात, पुण्याचा नंबर असेल तर सर्कल, म्हणजे फोनसेवेचा विभाग, वेगळं, ५ धरा. नवीन सिम लागेपर्यंत जुनं काढू नका, आणि त्या दिवशी बँकेच्या ओटीपीचं काम ठेवू नका.