दोन रुसलेले सोल गायक, एक गाडी: अशी रोड-ट्रिप कॉमेडी लिहायची कशी

गाडी कुठली, रस्ता कुठला हे सगळं नंतर, आधी त्या दोघांचं गाणं ठरवा. या प्रकारच्या बऱ्याच स्क्रिप्ट मी वाचल्यात आणि जवळपास प्रत्येकजण नकाशा उघडून बसतो, इथे टायर पंक्चर, तिथे पोलीस, मग मोटेलमध्ये मारामारी, आणि साठाव्या पानावर लक्षात येतं की हे दोघं गायक नसून प्लंबर असते तरी गोष्टीला काही फरक पडला नसता. तसं होऊ द्यायचं नाही.

सोल म्युझिक आलं कृष्णवर्णीय अमेरिकेच्या चर्चमधून. पाद्री एक ओळ टाकतो, समोरचे लोक ती उचलून उत्तर देतात, हाक आणि ओ. तीच गोष्ट रिदम अँड ब्लूज या तिथल्याच लोकप्रिय संगीतात मिसळली आणि पन्नाशीच्या शेवटाला, साठच्या दशकात तिचं सोल झालं. दोघांची जोडी असेल तर एक हाक मारणार, दुसरा ओ देणार. कोण हाक मारतो आणि कोण ओ देतो हे पहिल्या दिवशी ठरवा, कारण यांचं सगळं भांडण शेवटी त्याच्यावरच असणार आहे. ज्याला कायम ओ द्यावी लागली त्याला वाटत असतं की आपण नोकर, आणि ज्यानं कायम हाक मारली त्याला वाटत असतं की सगळा भार आपणच वाहिला.

खरं उदाहरण डोळ्यासमोर ठेवायचं तर सॅम मूर आणि डेव्ह प्रेटर. १९६१ मध्ये मायामीच्या एका क्लबमध्ये भेटले, एक टेनर म्हणजे उंच आवाजाचा, एक बॅरिटोन म्हणजे खालच्या आवाजाचा, पुढे अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीनं त्यांना मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीकडे रेकॉर्डिंगसाठी पाठवलं आणि तिथे जे झालं त्यावरून लोक त्यांना डबल डायनामाइट म्हणायला लागले. १९७० ला फुटले, मग पुन्हा एकत्र, पुन्हा वेगळे, शेवटचा एकत्र कार्यक्रम ३१ डिसेंबर १९८१ चा. आणि मूरनं स्वतः सांगितलंय की वर्षानुवर्षं ते स्टेजच्या बाहेर एकमेकांशी बोलतच नव्हते. विचार करा, स्टेजवर एकाचा श्वास संपायच्या आत दुसरा ओळ उचलतोय आणि पडद्यामागे शब्द नाही. १९८८ मध्ये प्रेटर मोटार अपघातात गेला, त्यामुळे समेट कायमचा राहूनच गेला.

म्हणून माझं ठाम मत, आरडाओरड्यानं सुरुवात करू नका, अबोल्यानं करा. ओरडणारी दोन माणसं पाच मिनिटं मजेशीर वाटतात. अबोला धरलेली दोन माणसं एकाच गाडीत बसली की पहिला अर्धा तास आरामात निघतो, फक्त मध्ये निरोप्या लागतो. मी तिथे टेनरची बावीस वर्षांची मुलगी बसवते, गाडी तीच चालवतेय.

बॅरिटोन: तुझ्या बापाला सांग, काच वर कर.
मुलगी: बाबा, काच...
टेनर: त्याला सांग, काच मोडलीय. कोणी मोडली तेही सांग.
मुलगी: काका, काच मोडलीय.
बॅरिटोन: पुढचं पण सांग की.

आता साल. हिशोब आधी करा, नाहीतर सगळं ढासळतं. हिट गाणं १९६७ चं आणि तेव्हा दोघं बावीसचे धरले तर आज ऐंशी पार, त्या वयात हजारो किलोमीटर गाडीत बसवलं तर प्रेक्षक हसायचं सोडून काळजी करत बसेल. मी गोष्ट १९९८ मध्ये ठेवते. दोघं त्रेपन्नचे, गुडघे कुरकुरतायत पण शाबूत आहेत, आणि खिशात मोबाइल नसल्यामुळे चुकामूक झाली की खरंच चुकामूक होते, रस्त्यालगतचा पब्लिक फोन शोधावा लागतो, सुट्टे कोणाकडे आहेत यावरून आणखी एक सीन मिळतो. १९९८ चं अजून एक कारण आहे, ते मेम्फिसला पोचल्यावर सांगते.

भांडणाचं कारण. बाई हे कारण कृपा करून घेऊ नका, ते घासून गुळगुळीत झालंय आणि त्यात गाणं कुठेच येत नाही. गाण्यावर नाव कोणाचं, हे कारण घ्या. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर पैसे मिळतात लिहिणाऱ्याला आणि पब्लिशरला, गाणाऱ्याला एक सेंटही नाही. म्हणजे एका रात्री मोटेलच्या खोलीत दोघांनी मिळून गाणं केलं, सकाळी कागदावर एकाचंच नाव गेलं, की पुढची तीस वर्षं एकाच्या घरी चेक येत राहतो आणि दुसरा तेच गाणं किराणा दुकानातल्या रेडिओवर ऐकत पाव घेतोय. यात दोघांपैकी कोणी बदमाश ठरता कामा नये. टेनरला खरोखर वाटतं की त्यानं लिहिलं, बॅरिटोनला खरोखर आठवतं की दुसरी ओळ त्याची होती. दोघांचीही बाजू लिहून काढा, अर्धं अर्धं पान तरी, आणि वाचताना तुम्हाला स्वतःला ठरवता आलं नाही पाहिजे.

कागदांनी त्या काळात भल्याभल्यांना बुडवलंय. १९६८ ला स्टॅक्सनं अटलांटिकशी काडीमोड घेतला तेव्हा त्यांना कळलं की करारानुसार आपल्याच बहुतेक जुन्या रेकॉर्डिंगचे मालक आपण नाही, अटलांटिक आहे. रूथ ब्राउन या गायिकेनं तिच्या थकलेल्या रॉयल्टीसाठी वर्षानुवर्षं भांडून शेवटी अटलांटिकला हलवलं, त्यातूनच १९८८ मध्ये जुन्या कलाकारांना मदत करणारं रिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभं राहिलं. तेव्हा तुमच्या स्क्रिप्टमध्ये कधीतरी, दोन तृतीयांश भाग झाल्यावर, दोघांना तो जुना करार एकत्र वाचायला लावा, चष्मा एकच आहे आणि आळीपाळीनं लावायचाय, आणि वाचता वाचता कळतं की ज्या पैशावरून तोंड पाहिलं नाही त्याच्या कितीतरी पट पैसे तिसराच घेऊन गेला.

अहंकाराचे किस्से बनवायची गरजच नाही, घडून गेलेत. टेम्प्टेशन्स या सोल ग्रुपचा डेव्हिड रफिन ग्रुपसोबत न जाता स्वतःच्या लिमोझिननं फिरायचा, तिला आतून मिंक या महागड्या फरचं अस्तर, आणि १९६८ ला ग्रुपनं काढून टाकल्यावर हा त्यांच्याच कार्यक्रमात येऊन स्टेजवर चढायचा, माइक घ्यायचा, गायला लागायचा, पब्लिक खूष आणि ग्रुपची गोची. यातली मजा बघा, माणूस वाईट नाहीये, त्याला तिथून दूर राहवत नाहीये. तुमच्या टेनरमध्ये हे घाला.

गाडी. एकाच गाडीत यायला ते कबूल का होतात याला पक्कं उत्तर हवं, "विमानाची भीती वाटते" हे खूप वेळा वापरून झालंय. माझ्याकडे एक आहे. कॅलिफोर्नियात गाडीच्या मालकीच्या कागदावर दोन नावांच्या मध्ये "आणि" असेल तर विकायला दोघांच्या सह्या लागतात, "किंवा" असेल तर एकाची चालते. दोघांनी १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडणारी गाडी, भागीदारीत घेतली, मध्ये "आणि", मग १९७८ ला फुटले आणि वीस वर्षं गाडी गॅरेजमध्ये कारण सही मागायला फोन कोण करणार. १९७६ ला कंपनीनं ती शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल म्हणून जाहिरात केली होती, ८.२ लिटरचं इंजिन, पेट्रोल नुसतं पिते. आता न्यूयॉर्कचा एक माणूस चांगली किंमत देतोय पण गाडी तिथे पोचली पाहिजे आणि दोघं समोर हजर पाहिजेत. दर काही तासांनी पेट्रोल पंप येतो आणि प्रत्येक पंपावर पाकीट कोण काढणार हा प्रश्न फुकटात मिळतो.

रस्ता लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क, साधारण साडेचार हजार किलोमीटरच्या वर. बार्स्टोहून आय-४० हा महामार्ग धरायचा, फ्लॅगस्टाफ, अल्बुकर्क, अमरिलो, ओक्लाहोमा सिटी, लिटल रॉक, मेम्फिस, नॅशव्हिल, आणि मग व्हर्जिनियातून वर. घड्याळाचा उपयोग करा, तो कोणी करत नाही. पूर्वेकडे जाताना तीन तास हरवतात. उन्हाळ्यात ॲरिझोनाचं घड्याळ कॅलिफोर्नियाएवढंच असतं, न्यू मेक्सिकोत शिरलं की एक तास गेला, टेक्सासमध्ये दुसरा, टेनेसीच्या पूर्व भागात तिसरा. बॅरिटोन हट्टानं घड्याळ बदलत नाही. तिसऱ्या दिवशी याचा फटका बसला पाहिजे.

आणि एक गोष्ट, जिथे मी लिहिताना सगळ्यात जास्त थांबते. ही माणसं साठच्या दशकात याच देशाच्या रस्त्यांवरून फिरली, जेव्हा दक्षिणेत कृष्णवर्णीयांना कुठल्या हॉटेलात झोपायला मिळेल आणि कुठल्या पंपावर संडास वापरू देतील हे आधी माहीत असावं लागायचं. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या पोस्टमननं त्यासाठी १९३६ पासून ग्रीन बुक काढलं, ते साठच्या दशकापर्यंत निघत होतं. लोक बुटांच्या खोक्यात जेवण भरून निघायचे कारण वाटेत वाढणार कोणी नाही. तर तुमच्या सिनेमात टेनरच्या मांडीवर बुटांचा खोका असू द्या. मुलगी हसते, बाबा रस्त्यावर शंभर रेस्टॉरंट आहेत, बॅरिटोन पण चिडवतो, आणि पंधरा पानांनी बॅरिटोनच्या पिशवीतूनही तसाच खोका निघतो. त्या सीनला संवाद देऊ नका. कॉमेडी आहे म्हणून हे वगळलं तर ती दोन म्हाताऱ्यांची नुसती टवाळी होते, आणि हे घातलं म्हणून भाषण ठोकायचीही गरज नाही.

मेम्फिस मध्यावर ठेवा. स्टॅक्सचा स्टुडिओ ९२६ ईस्ट मॅकलेमोर ॲव्हेन्यूवर, जुन्या कॅपिटल सिनेमा थिएटरमध्ये होता आणि तिथली जमीन थिएटरसारखी उतरतीच राहिली, सपाट केलीच नाही, त्या रेकॉर्डिंगच्या आवाजात त्या उताराचा वाटा आहे असं म्हणतात. १९७५ च्या डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत बुडाली, १९८९ ला इमारत पाडली, म्युझियम उभं राहिलं ते २००३ मध्ये. म्हणजे १९९८ ला तिथे मोकळा प्लॉट आहे, आणि म्हणून १९९८. दोघं उतरतात, गवत आहे, आणि दार कुठे होतं यावरून वाद सुरू होतो. माइक इथे होता, नाही तिथे होता, ड्रम खाली होते, आणि बोलता बोलता दोघंही सपाट जमिनीवर थोडे तिरके उभे राहिलेत, उतारावर राहायचे तसे. वीस वर्षांत निरोप्याशिवाय पहिल्यांदा बोलतायत हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही, मुलीच्या आलंय. ती गाडीतून उतरत नाही.

तिथलाच एक किस्सा त्यांच्या तोंडी द्यायला सोन्यासारखा आहे. स्टॅक्ससाठी गाणी लिहिणारी जोडी, आयझॅक हेज पियानोवर, डेव्हिड पोर्टर बाथरूममध्ये, हेज ओरडला चल लवकर, आतून पोर्टर ओरडला थांब, येतोय, आणि बाहेर येईपर्यंत गाण्याचं नाव सापडलेलं. सॅम आणि डेव्हनं ते गायलं, १९६६ ला रिदम अँड ब्लूजच्या यादीत एक नंबर. म्हणजे हाक आणि ओ, चक्क संडासातून.

गाण्यांच्या परवानगीबद्दल थोडक्यात. खरं जुनं गाणं वापरायचं तर गाण्याची परवानगी वेगळी, त्या रेकॉर्डिंगची वेगळी, दोन्हीचे पैसे वेगळे. स्वतःचं गाणं लिहा, निदान मुखडा आणि एक कडवं.

आवाजाचं मात्र नीट करा, यात खजिना आहे. तीस वर्षांनी टेनरचा वरचा सूर लागत नाही. पट्टी उतरवली तर बॅरिटोनची ओळ इतकी खाली जाते की नुसती घरघर ऐकू येते. म्हणजे पट्टीचा वाद हा मूळ वादच आहे, एकाला सोय झाली की दुसरा गायब. तीन मोटेलांत तीन तालमी लिहा. पहिलीत जुनी पट्टी आणि टेनर तोंडघशी, दुसरीत खालची पट्टी आणि बॅरिटोन रुसून पार्किंगमध्ये, तिसरीत त्यांना सुचतं की ओळींची अदलाबदल करू. हाक आता बॅरिटोन मारणार. बास, इथे तुमची गोष्ट वळते, आणि त्यासाठी कोणालाही सॉरी म्हणावं लागलेलं नाही. स्टेप्सचंही तेच, त्या काळचे ग्रुप चोली ॲटकिन्ससारख्या नृत्य दिग्दर्शकाकडून गाताना करायच्या हालचाली घोटून घ्यायचे, तर पाय आठवतात पण गुडघे नाही म्हणतात, असं लिहा.

गाडी न्यूयॉर्कला पोचली की शेवट अपोलो थिएटर, हार्लेम, १२५ वा रस्ता. मोठा सत्काराचा कार्यक्रम ठेवायचा मोह होईल, टाळा. बुधवारी तिथे ॲमॅच्युअर नाइट असते, १९३४ पासूनची प्रथा, नवखे गायक स्टेजवर येताना ट्री ऑफ होप नावाच्या झाडाच्या ओंडक्याला हात लावतात, आवडलं नाही तर पब्लिक हुर्यो करतं आणि एक माणूस झाडू घेऊन नाचत येऊन तुम्हाला स्टेजबाहेर काढतो. एकेकाळी याच थिएटरबाहेर ज्यांची नावं मोठ्या अक्षरात लागली ते दोघं आता नवख्यांच्या रांगेत, पुढे एक सोळा वर्षांचा पोरगा उलटी येईल म्हणून पोट धरून उभा, आणि टेनर त्याला ओंडका कसा घासायचा ते दाखवतोय.

गाणं सुरू झाल्यावर बॅरिटोन हाक मारतो. ओ येत नाही. स्क्रिप्टमध्ये इथे सेकंद लिहून ठेवा, मी सहा लिहिलेत, दोनमध्ये काही कळत नाही आणि दहात झाडूवाला आलाच पाहिजे. सहाव्या सेकंदाला विंगेत तो झाडू उचलतो, आणि टेनर तोंड उघडतो.