बंद शेडमध्ये रोलर कोस्टर उभा करायचा असेल तर

बाहेरच्या आणि शेडमधल्या कोस्टरमध्ये मोठा फरक एकच: शेडमध्ये वर आभाळ नाही. क्रेनचा बूम (लांब हात) ज्या आभाळात फिरतो तेच गेलं, की बाहेर अर्ध्या तासात बसणारा ट्रॅकचा तुकडा आत अख्खी पाळी खातो. मी आधी साखर कारखान्यांच्या शेडी उभारल्या, मग आखातात बंदिस्त पार्कची दोन कामं केली. नवीन पोरं विचारतात म्हणून लिहितोय.

सुरुवात कागदावर करा. छप्पर आधी की ट्रॅक आधी, हे सिव्हिलवाल्यांसोबत बसून ठरवा आणि सही घ्या. माझा कल असा: शेडचे कॉलम आणि कैच्या (छत पेलणाऱ्या लोखंडी चौकटी) आधी, पण एका टोकाची भिंत पत्रा न लावता उघडी ठेवायची. सगळ्यात लांब तुकडा ट्रेलरवर चढवल्यावर किती लांब, किती उंच आणि वळताना किती जागा घेतो, ते मोजून मगच दाराचं माप द्या. एका साइटवर आमचे शेवटचे चार तुकडे बंदरात अडकले आणि तोवर सिव्हिलने भिंत बंद करून रंगसुद्धा मारला. तुकडे आले, दारातून आत जाईनात. पत्रे परत उतरवण्यात तीन दिवस गेले आणि शिव्या आम्हीच खाल्ल्या.

उघडण्याजोगी भिंत पुढेही लागते. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडचा 'स्पेस माउंटन' हा बंदिस्त कोस्टर 1977 साली सुरू झाला. 2003 साली तो बंद करून आतला ट्रॅक नव्याने बसवला आणि 2005 साली पुन्हा उघडला. इमारत तीच, ट्रॅक नवा. तुमच्या शेडवरही ती वेळ येणार आहे.

फाउंडेशन बोल्ट टेम्प्लेट (बोल्ट जागेवर धरणारा भोकांचा साचा) लावूनच ओता, हे सांगायला नको. सांगायचंय ते सर्व्हेबद्दल. टोटल स्टेशनचे (कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्व्हेच्या यंत्राचे) संदर्भबिंदू शेडच्या कॉलमवर चिकटवू नका. सोयीचं वाटतं, पण दुपारी पत्रा तापला की कॉलम हलतो, वारा सुटला की हलतो, आणि इथे आपण मिलिमीटर मोजतोय. जमिनीत वेगळे काँक्रीटचे खांब करा, शेडच्या पायापासून सुटे. बेसप्लेटखालचा (खांबाच्या तळपाटीखालचा) ग्राउट, म्हणजे फट भरायचा सिमेंटचा मसालाही घाईने भरू नका. त्या भागाचा ट्रॅक जुळून सर्व्हे पास होईपर्यंत शिम (पातळ लोखंडी चकत्या) आणि नटांवरच राहू द्या.

ट्रॅक आम्ही स्टेशनपासून चढवत गेलो. जिथे क्रेन पोचत नाही तिथे छताच्या कैचीला चेनब्लॉक (साखळीची कप्पी), पण कैची किती वजन घेते ते डिझायनरकडून लेखी घेतल्याशिवाय नाही. खलाशी (जड सामान चढवणारा कामगार) कितीही जुना असो, 'घेईल हो साहेब' हे उत्तर धरायचं नाही. बोल्ट आधी हातघट्ट, मग सर्व्हे, मग शेवटचा ताण, आणि ताण दिलेल्या प्रत्येक नटावर रंगाची रेघ. ट्रॅकचा फेरा पूर्ण करणारा शेवटचा तुकडा दोन-चार मिलिमीटरने अडतो. भोक मोठं करायचा मोह होईल. करू नका. मागचे चार-पाच जोड सैल करून चूक वाटून घ्या.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो ते. गाडीत बसलेला माणूस हात वर करतो, बाजूला काढतो. तो हात जिथवर पोचेल, त्याच्याही पलीकडे ठरलेलं अंतर मोकळं हवं. बाहेर झाड तोडून भागतं, आत मात्र डक्ट, केबल ट्रे, स्प्रिंकलरचे पाइप, देखाव्याचे खडक, सगळे त्याच जागेवर डोळा ठेवून असतात. म्हणून गाडीवर पाइप आणि प्लायवुडची चौकट बांधा, डिझायनरने दिलेल्या मापाची, आणि कडेला थर्माकोल लावून त्यावर निळा खडू चोळा. गाडी विंचने ओढा, माणसाच्या चालीने, दोन्ही बाजूंना बॅटरी घेऊन एकेक जण. जिथे निळा डाग, तिथे काम. आम्हाला एका वळणावर डक्टच्या कोपऱ्यावर बोटभर डाग मिळाला. एसीवाला म्हणाला, 'ड्रॉइंगप्रमाणे आहे.' खरंच होतं, ड्रॉइंग जुनं होतं. आणि ही चौकट एकदाच फिरवून भागत नाही. शेवटचा खडक, शेवटचा दिवा बसल्यावर परत फिरवा, कारण सजावटवाले रात्री येतात.

दुसरा प्रश्न: गाडी चढ पार न करता खालच्या खोलगट भागात अडकली तर? थंड चाकांवर, रिकाम्या गाडीने चाचणीत हे होतंच. बाहेर क्रेन बोलावतात. आत काय बोलावणार? प्रत्येक खोलगट जागेच्या वर छताला आधीच हुक ठेवा, त्याची क्षमता तपासा आणि तिथवर जायला पायवाट ठेवा. खोपोलीच्या इमॅजिकात मुलाला घेऊन 'डीप स्पेस'मध्ये बसलो, तेव्हा तो किंचाळत होता आणि मी मान वर करून हुक शोधत होतो. अंधारात दिसतंय काय, कप्पाळ!

अंधाराचा फायदाही आहे. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमधला 1975 चा दुसरा 'स्पेस माउंटन' ताशी 45 किलोमीटरच्या आसपास पळतो, आपल्या हायवेवरच्या टेंपोपेक्षा कमी. पुढचं वळण दिसत नाही म्हणून पोट गोळा होतं. मालकाला उंची वाढवायची घाई असेल तर हे सांगून बघा.

चाचणी दिवे लावून सुरू करा. आधी रिकामी गाडी, मग सीटवर पाणी भरलेले पुतळे. ब्लॉक ब्रेक (ट्रॅकच्या एका भागात, म्हणजे ब्लॉकमध्ये, एकच गाडी ठेवणारे ब्रेक) एकेक करून मुद्दाम थांबवून बघा: पुढचा ब्लॉक मोकळा नसताना मागची गाडी अडलीच पाहिजे. मग दिवे घालवून लोक उतरवायचा सराव करा, तुमचीच माणसं बसवून. पायऱ्यांवरचे इमर्जन्सी दिवे तेव्हाच खरे कळतात.

आणि पहिल्या फेरीआधी हत्यारं मोजा. आमचा एक पाना हिशेबात कमी होता. दोन तास सगळे गुडघ्यावर. शेवटी सापडला मॅग्नेटिक ब्रेकच्या फटीत, चुंबकाला चिकटून, बरोबर जिथून गाडीखालची पट्टी जाते तिथे. लाकडी पाचर मारून दोघांनी ओढला तेव्हा सुटला. तेव्हापासून त्या ब्रेकजवळ मी फक्त पितळी हत्यारं नेऊ देतो, आणि मनगटावरचं घड्याळ बाहेर.