श्वासाला धक्का न लावता श्वास कसा पाहावा

ध्यानाला बसण्यासाठी खास चटई, उदबत्ती किंवा मंद संगीत लागते, हा समज आधी सोडून द्यावा. मांडी घालता येत असेल तर मांडी घालावी आणि गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर बसावे. पाठ ताठ असली की पुरे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून डोळे मिटावेत.

आता लक्ष नाकपुड्या आणि वरचा ओठ यांमधल्या जागेवर आणावे. आत येणारा श्वास तिथे किंचित गार लागतो, बाहेर जाणारा कोमट. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना ध्यान केंद्रात दहा दिवसांच्या शिबिरातले पहिले साडेतीन दिवस एवढेच शिकवतात. त्याला आनापान म्हणतात. या पाली शब्दाचा अर्थ आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास, इतकाच आहे.

अडचण सुरू होते ती इथेच. श्वासाकडे लक्ष गेले रे गेले की तो सहज राहत नाही. फोटो काढताना माणूस जसा अवघडून उभा राहतो, तसा तोही मुद्दाम घेतल्यासारखा, लांब आणि जड होतो. कारण सरळ आहे. एरवी मेंदूच्या तळाकडचा भाग मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास आपोआप चालवतो, पण श्वास ही अशी क्रिया आहे की मनात आणले तर तिचा ताबा आपल्यालाही घेता येतो, आणि पाहता पाहता आपण तो घेऊन बसतो. त्यात भर म्हणून कोणीतरी ‘खोल श्वास घ्या’ असे सांगतो. मी हा सल्ला कित्येक महिने इमानाने पाळला आणि दहाव्या मिनिटाला बोटांना मुंग्या व डोक्यात गरगर घेऊन उठत राहिलो. ती आध्यात्मिक प्रगती आहे असेही मला वाटले होते! प्रत्यक्षात भराभर खोल श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला होता, दुसरे काही नाही. प्राणायाम वेगळा, तो जाणत्या शिक्षकाकडून शिकावा. इथे श्वासाला वळण लावायचेच नाही.

मला उपयोगी पडलेला उपाय असा. श्वास घेण्याकडे मुळीच पाहू नये, फक्त सोडण्याकडे पाहावे, कारण शांत बसलेल्या माणसाचा उच्छ्वास छातीचे स्नायू सैलावले की आपसूक होतो. तो संपल्यावर एक बारीकसा थांबा येतो. तिथे पुढचा श्वास ‘घ्यायचा’ नाही आणि मुद्दाम रोखायचाही नाही. त्याची वाट पाहायची, तो येतोच. शेताला पाणी वाहत असताना बांधावर नुसते बसून राहावे, फावडे उचलून दारे धरायला धावू नये, तसे हे आहे. चार-पाच दिवसांत एखादा श्वास असा येतो की तो आपण घेतलेला नसतो, आणि तेव्हा प्रथमच कळते की आत काहीतरी आपल्याशिवायही नीट चालले आहे.

श्वास मोजू नयेत, कारण आकडे तोंडपाठ पुढे जातात आणि मन बाजारात फिरत असते. मन भटकले की परत आणावे. स्वतःवर चिडू नये.

श्वासाकडे पाहताना धास्तावल्यासारखे होत असेल, तर डोळे उघडावेत, लक्ष पायाच्या तळव्यांवर न्यावे आणि त्या दिवशी तिथेच थांबावे. बाकीच्यांनी सकाळी, चहाच्या आधी पंधरा मिनिटे महिनाभर बसावे आणि मगच वेळ वाढवावा. रात्री जेवून बसल्यास फक्त झोप लागते.