घाणेरी काढायचीय? मग जमीन ओली आहे तोवरच काढा

दोन-चार चांगले पाऊस झाले, पेरणी उरकली की एक-दोन दिवस बांधावरच्या घाणेरीसाठी ठेवाच. काहीजण टणटणी म्हणतात, तीच ही, एकाच गुच्छात पिवळी-नारंगी-गुलाबी फुलं. मूळची मध्य-दक्षिण अमेरिकेतली, १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शोभेसाठी आणली आणि आता डोंगर, गायरान, बांध, काही सोडलं नाही हिने.

दरवर्षी आपण काय करतो, कोयत्याने वरून सपासप छाटतो नाहीतर काडी लावतो, आणि महिन्या-दोन महिन्यात त्याच खोडातून चौपट धुमारे. हे म्हणजे फुकट मजुरी घालवणं. नवे कोंब मुळाच्या वरच्या गाठीतून येतात, म्हणून आधी फांद्या कमी करा, मग बुंध्याभोवतीची माती टिकावाने मोकळी करून जमिनीखाली साधारण ३ इंचावर मुख्य मूळ तोडा आणि गड्डा उचलून झुडूप उलटं ठेवा, मुळं आभाळाकडे. ओल्या मातीला टेकलेली फांदी परत मूळ धरते, त्यामुळे आडवं फेकून देऊ नका. फुल बाह्या आणि जाड हातमोजे घाला, काटे बारीक असले तरी लय ओरबाडतात.

हिरवी फळं काळी पडायच्या आत हे झालं पाहिजे. बुलबुल, साळुंक्या ती खातात आणि बिया टाकतात, म्हणून पुढची दोन-तीन वर्षं बांधावरच्या बाभळी-लिंबाखाली नजर ठेवा, तिथलं रोप हाताने सहज उपटतं. मोकळ्या जागेत लगेच मारवेल किंवा पवना गवताचे ठोंब लावा, बांध उघडा ठेवलात तर घाणेरी नाहीतर गाजरगवत येणारच. कुंपणाला बरी म्हणून चार झुडपं ठेवायचा मोह होतो, पण ठेवू नका.

आणि जनावरं! चारा असला की ती हिच्या वाटेला जात नाहीत, पण टंचाईत किंवा बाहेरून आणलेलं नवं जनावर पाला खातं. मग खाणं बंद, शेण घट्ट, डोळे पिवळे, आणि उन्हात उभं राहिलं की नाकपुडी, सड, पांढऱ्या कातडीचे भाग लाल होऊन सोलतात. असं दिसलं तर आधी सावलीत बांधा आणि त्याच दिवशी डॉक्टरला बोलवा, पाला खाल्ल्याचा संशय आहे हे स्पष्ट सांगा, कारण तो पोटात बरेच दिवस राहून विष सोडत राहतो. तोडलेला पाला गोठ्याजवळ तर टाकूच नका.