सॉफ्टवेअरच्या करारात स्वीकृती चाचणीचं कलम कसं लिहावं

पुरवठादार म्हणतो काम झालं, ग्राहक म्हणतो कुठे झालं? सॉफ्टवेअर करून घेताना बरीच भांडणं इथेच पेटतात. याचा निकाल लावते ती स्वीकृती चाचणी: काम ठरल्याप्रमाणे झालं का हे तपासून ग्राहकानं ते स्वीकारणं किंवा नाकारणं. शेवटचा हप्ता आणि वॉरंटी सहसा स्वीकृतीच्या तारखेलाच बांधलेली असतात, म्हणून हे कलम ‘तांत्रिक मंडळी बघतील’ म्हणून सोडू नका.

१. निकष मोजता येतील असे लिहा. ‘वेग समाधानकारक असावा’ यात समाधान कोणाचं? त्याऐवजी लिहा: ‘एकाच वेळी २०० जण काम करत असताना बिल ३ सेकंदांत उघडलं पाहिजे.’ असे निकष परिशिष्टात जोडा. चाचणी कोणत्या सर्व्हरवर आणि कोणत्या डेटावर, हेही तिथेच. नमुन्याच्या दहा नोंदींवर पळणारं सॉफ्टवेअर दहा लाख नोंदींवर रांगायला लागतं, त्यामुळे डेटा खऱ्याइतकाच मोठा हवा. माणसांची नावं-नंबर मात्र बदलून.

२. घड्याळ कधी सुरू होतं ते पाहा. मसुद्यात बहुधा असं वाक्य असतं: ‘सुपूर्द केल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत न आल्यास काम स्वीकारलं असे मानले जाईल.’ ही मानीव स्वीकृती. पुरवठादाराच्या बाजूनं यात गैर काही नाही, नाहीतर ग्राहक सही महिनोन्महिने लांबवत बसेल. पण ग्राहकाचे चार दिवस लॉगिन मिळण्यात जातात, चार सुट्ट्यांत, आणि उरलेल्यात चाचणी करणारा माणूसच दुसऱ्या कामावर असतो. म्हणून ‘सुपूर्द’ची व्याख्या करा: चाचणी सर्व्हरवर चढवून, लॉगिन देऊन, लेखी कळवल्याचा दिवस. मुदत कामाच्या दिवसांत मोजा. ती संपली की आधी आठवणीची नोटीस, मग आणखी ५ दिवस, आणि त्यानंतरच मानीव स्वीकृती.

‘प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यास स्वीकृती समजावी’ ही ओळही शोधा. अडचणीपोटी एक दिवस वापरलं तरी ती अंगाशी येते.

३. दोषांची प्रतवारी ठरवा. बटणाचा रंग चुकला म्हणून काम नाकारता येऊ नये, आणि बेरीज चुकत असताना स्वीकारावं लागू नये. गंभीर, मोठे, किरकोळ अशा तीन पातळ्या पुरतात. प्रत्येकीचं एकेक उदाहरण द्या. किरकोळ दोषांची यादी आणि दुरुस्तीची तारीख जोडून सही करायला हरकत नाही. करारात नसलेली गोष्ट मागणं हा दोष नव्हे, बदल. त्याचे पैसे वेगळे. (बऱ्याच ‘बग’चं मूळ उशिरा सुचलेल्या इच्छेत असतं, हे ग्राहकानंही मान्य करावं.)

४. नापास झालं तर पुढे काय, तेही लिहा. हरकत लेखी हवी आणि दोष पुन्हा कसा घडवून दाखवायचा ते तिच्यात हवं. दुरुस्तीला मुदत द्या. फेरचाचणीत आधी पास झालेले भागही पुन्हा तपासा, कारण एक गाठ सोडवताना दुसरी बसते. फेऱ्या दोन किंवा तीनच ठेवा. त्यानंतर रक्कम कमी करणं, दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेणं किंवा करार रद्द करून पैसे परत घेणं, यातलं काय करायचं ते ग्राहकानं निवडावं.

५. सही कोणाची? व्यक्तीचं नाव नको, पद लिहा. माणसं नोकरी बदलतात. शिवाय एक ओळ घाला: ठरलेल्या प्रमाणपत्रावरची सही हीच स्वीकृती, चॅटवर कोणी ‘मस्त, चालतंय’ लिहिलं तर ती नव्हे.