कॉलेजचं वेळापत्रक लावताना या चुका टाळा

जूनचा दुसरा आठवडा आला की उपप्राचार्य बोलावून घेतात आणि वेळापत्रक समितीची फाइल हातात देतात. तालुक्याच्या गावातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात गेली ९ वर्षं मी हे काम करते आहे. या काळात केलेल्या, पाहिलेल्या आणि निस्तरलेल्या चुका इथे लिहिते. समितीवर नव्याने आलेल्यांना त्यांचा उपयोग व्हावा.

पहिली चूक पहिल्याच दिवशी होते. आपण शिक्षकांपासून सुरुवात करतो. कुणाचा वर्कलोड किती, कुणाला कोणता वार सोयीचा, हे आधी लिहितो. मग खोल्या भरतो. विद्यार्थी सगळ्यात शेवटी येतो, तोही ‘एफवायबीए’ (बीएचं प्रथम वर्ष) अशा एका चौकटीत. पण नव्या शैक्षणिक धोरणाची रचना संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली, तेव्हापासून ती चौकट फुटली आहे. मराठी मेजर, म्हणजे मुख्य विषय, घेतलेल्या दोन मुली एका बाकावर बसतात, पण एकीचा ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतून निवडायचा विषय) वाणिज्य शाखेचा असतो, दुसरीचा विज्ञान शाखेचा. कौशल्याचे विषयही वेगळे असू शकतात.

शिक्षकाचे दोन तास एकाच वेळी आले तर ते दहा मिनिटांत समितीच्या टेबलापाशी हजर होतात. विद्यार्थी येत नाही. तो दोनपैकी एक तास मुकाट्याने सोडतो. एका वर्षी माझ्या तक्त्यात ११ मुलांचं मानसशास्त्राचं प्रॅक्टिकल आणि ओपन इलेक्टिव्ह एकाच वेळी आलं होतं. हजेरीची यादी काढली तेव्हा, ऑक्टोबरमध्ये, ते लक्षात आलं. त्यातल्या एकीला मी विचारलं, ‘अगं, सांगितलं का नाहीस?’ ती म्हणाली, ‘मॅडम, मला वाटलं असंच असतं.’ हे वाक्य मी विसरलेले नाही.

म्हणून आता काहीही लावण्याआधी मी क्लॅशचा, म्हणजे कोणते तास एकमेकांवर येऊ शकतात याचा, तक्ता करते. प्रवेशाची यादी एक्सेलमध्ये घ्यायची. सगळे विषय उभे लिहायचे, तेच आडवे लिहायचे, आणि प्रत्येक घरात त्या दोन विषयांना समान असलेले विद्यार्थी मोजायचे. शून्य असेल तर ते दोन तास एकाच वेळी ठेवता येतात. १ जरी असला तरी वेगळे ठेवायचे. ज्या विषयाच्या ओळीत शून्यं सगळ्यात कमी, तो अडचणीचा विषय, आणि तो आधी लावायचा. मोकळे विषय आधी बसवून अवघड विषय शेवटी कोंबायला गेलात, तर सगळा तक्ता पुन्हा मोडावा लागतो.

गणितातला हा आलेख रंगवण्याचा प्रश्न आहे. विषय म्हणजे बिंदू, समान विद्यार्थी म्हणजे रेघ, तास म्हणजे रंग, आणि रेघेने जोडलेल्या दोन बिंदूंना एकच रंग द्यायचा नाही. इव्हन, इताई आणि शमीर या तिघांनी १९७६ साली दाखवून दिलं, की वेळापत्रकाचा साधा दिसणारा प्रश्नसुद्धा गणनेच्या दृष्टीने अत्यंत कठीण वर्गात मोडतो. (यातले शमीर म्हणजे आरएसए या सांकेतिक लेखनपद्धतीच्या नावातला ‘एस’.) तेव्हा चार दिवस डोकं धरून बसावं लागलं, तर त्यात तुमची कमतरता समजू नका. एफईटी हे मोफत सॉफ्टवेअर मदतीला आहे, आणि पर्ड्यू विद्यापीठात सुरू झालेलं युनिटाइमही खुलं आहे. मात्र कोणत्या विषयांना कोणते विद्यार्थी समान आहेत ही माहिती नीट भरली नाही, तर सॉफ्टवेअर तीच चूक जास्त वेगाने करतं.

आता ओपन इलेक्टिव्ह. तो दुसऱ्या शाखेतून घ्यायचा असल्याने बहुतेक जण सगळ्या शाखांसाठी एकच सामाईक तास ठेवतात. हिशोब करून बघा. प्रथम वर्षाला ५४० विद्यार्थी आणि ६० जणांच्या खोल्या, म्हणजे एका वेळी ९ खोल्या गुंततात. इमारतीत १४ असतील तर द्वितीय आणि तृतीय वर्षासाठी ५ उरतात. मग कुणाचा तरी वर्ग ग्रंथालयाच्या व्हरांड्यात भरतो. आम्ही दोन गट केले. विज्ञानाच्या मुलांचा एका वेळी, कला-वाणिज्यचा दुसऱ्या वेळी. दोन्ही गटांत प्रत्येकी २७० विद्यार्थी असतील तर प्रत्येक वेळी ५ खोल्या पुरतात. एक तुकडी जास्त होते, म्हणजे दोन श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) विषयाला आठवड्याचे २ तास वाढतात. ते वाढवा. खोल्यांची मारामारी त्याहून महाग पडते.

खोल्यांच्या बाबतीत मूळ चूक एकच. खोली विभागाची मानली जाते. ‘१२ नंबर आमचा’ असं म्हणत ७५ बाकांच्या हॉलमध्ये ३० मुलं बसतात आणि पलीकडे ६० मुलं ४५च्या खोलीत दाटीवाटीने. खोली कमी पडते असं वाटलं की आधी मोजा. आठवड्याचे ३६ तास धरले आणि खोली २७ तास वापरली, तर ७५ टक्के. त्या तासांना ७५ पैकी सरासरी ४५ जागा भरल्या, तर ६० टक्के. दोन्हींचा गुणाकार ४५ टक्के. म्हणजे अर्ध्याहून जास्त खोली रिकामीच असते. वर्ग मावेल अशी सर्वांत लहान खोली द्या, आणि मोठे हॉल मोठ्या तुकड्यांसाठी राखा. क्षमता कागदावरून घेऊ नका. जूनमध्ये स्वतः फिरून बाकं मोजा, पंखे बघा, प्रोजेक्टर लावून बघा.

एक गोष्ट मात्र सगळ्याच्या आधी ठरवायची. वर्गात चाकाच्या खुर्चीवर किंवा कुबड्यांवर येणारा विद्यार्थी असेल आणि लिफ्ट नसेल, तर त्याचे सगळे तास तळमजल्यावर. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा आहेच, पण कायद्याची वाट कशाला बघायची? ‘त्याला मित्र उचलून नेतात’ हे उत्तर मी एकदा ऐकलं आणि त्याच दिवशी पूर्ण वर्ग खाली आणला.

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचे तास कुठेही विखरून टाकणं ही आणखी एक वाईट सवय. ते दोन-तीन कॉलेजांत शिकवतात आणि मानधन तासावर मिळतं. तीन तासांसाठी तीन दिवस प्रवास करायला लावू नका. त्यांचे वार त्यांना विचारा आणि तास सलग द्या. नेमणुका उशिरा होतात, तेव्हा ‘रिक्त’ जागेचे तासही आधीच एकत्र ठेवा.

प्रॅक्टिकलचं थोडक्यात. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे १५ आठवड्यांत आठवड्याला २. दोन बॅचमध्ये लॅब आवरायला वेळ ठेवा, आणि वीज देखभालीसाठी बंद असण्याच्या वारी संगणकाचं प्रॅक्टिकल ठेवू नका.

वेळापत्रक लागल्यावर एखाद्या तासाची हजेरी घसरली, तर शिक्षकाला दोष देण्याआधी एसटीच्या वेळा बघा. आमच्याकडे शेवटच्या तासाला मुली निघून जात. त्यांच्या गावाची गाडी ४:२० ला सुटायची आणि तास ४:३० ला संपायचा. सगळं वेळापत्रक २० मिनिटं अलीकडे घेतलं आणि वर्ग भरू लागला.

दोन तासांची अदलाबदल करायची असेल तर सहा गोष्टी तपासा. दोन्ही शिक्षक, दोन्ही तुकड्या, दोन्ही खोल्या. हा बदल स्टाफरूममध्ये तोंडी ठरवू नका. मूळ फाइल एकाच व्यक्तीकडे ठेवा आणि प्रत्येक प्रतीवर तारीख घाला, नाहीतर जुलैचा आणि ऑगस्टचा तक्ता एकाच नोटीस बोर्डवर लागतो आणि मुलं दोन्हीकडे धावतात.

दुसऱ्या सत्रात बारावीची परीक्षा विसरली जाते. कनिष्ठ महाविद्यालय त्याच इमारतीत असेल आणि केंद्र आपल्याकडे असेल, तर खोल्या जातातच. २०२५ साली ही परीक्षा ११ फेब्रुवारी ते १८ मार्च चालली. १५ आठवड्यांच्या सत्रातले ५ आठवडे हे. म्हणून मी जानेवारीतच दुसरा तक्ता करून ठेवते. पेपर असलेल्या सकाळी मोठ्या तुकड्या दुपारी, लहान तुकड्या लॅबमध्ये आणि सेमिनार हॉलमध्ये. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी तो तक्ता प्राचार्यांच्या सहीसह बोर्डवर लागतो.